पॉवर स्टेशन घेण्याआधी घरातले वॅट मोजा

प्रश्न : पुण्यात भाड्याच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये राहतो. आम्ही दोघंही घरून काम करतो. गावी, दापोलीजवळ, आई-वडील असतात. वडील रात्री सीपॅप मशीन (झोपेत श्वास अडू नये म्हणून दाबाने हवा देणारं) लावून झोपतात आणि पावसाळ्यात तिकडे लाइट कधी जाईल याचा नेम नाही. शिवाय मुलांना घेऊन आम्ही गाडीने कॅम्पिंगला जातो, कधी पवनाकाठी, कधी कोकणात. १००० वॅट-अवरचं एक पॉवर स्टेशन, म्हणजे आत बॅटरी आणि वर सॉकेट असलेला तो उचलून नेता येणारा डबा, घेतलं तर या तिन्ही ठिकाणी भागेल का? त्यावर फ्रिज चालेल का? कॅम्पवर इंडक्शन चालेल का? भाऊ अमेरिकेत असतो. डिसेंबरमध्ये येताना घेऊन येतो म्हणतोय, तिकडे सेलमध्ये बरंच स्वस्त मिळतं. की सरळ इन्व्हर्टर-बॅटरी घ्यावी?

उत्तर :

भावाला आजच फोन करून नको म्हणून सांगा. विमानात लिथियम बॅटरी नेण्याचे नियम जगभर जवळपास सारखेच आहेत. १०० वॅट-अवरपर्यंत केबिन बॅगेत चालते. १०० ते १६० वॅट-अवरची एअरलाइनच्या परवानगीने नेता येते, तीही माणशी दोनच. त्याच्या वरची प्रवाशाला सामानात नेताच येत नाही, केबिनमध्येही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तुमचं यंत्र १००० चं. ते विमानतळावरच राहील. समजा दुसऱ्या कुठल्या मार्गाने आलंच, तरी तिकडचं मॉडेल १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं असतं. काही मॉडेलांत फ्रिक्वेन्सी ५० करता येते, व्होल्टेज सहसा बदलत नाही. मग आपले २३० व्होल्टचे पंखे-फ्रिज त्यावर चालणार नाहीत आणि ते आपल्या भिंतीच्या सॉकेटवर चार्ज करायला जाल तर चार्जर जळायची भीती. वॉरंटीचा तर विषयच सोडा.

आता मुख्य गोष्ट. मी इन्व्हर्टर, सोलर आणि हल्ली हे डबे, सगळंच बसवून देतो. त्यामुळे अमुकच विकायचं असा माझा आग्रह नसतो. माझ्याकडे येणारी बहुतेक मंडळी ‘किती मोठं घेऊ?’ असं विचारतात. मी आधी त्यांच्या घरातला लोड विचारतो. लोड निम्मा केला की छोटा डबाही दुप्पट वेळ चालतो आणि लोड कमी करणं हे बॅटरी वाढवण्यापेक्षा जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं.

१००० वॅट-अवर म्हणजे तुमच्या लाइट बिलावरचं बरोब्बर एक युनिट. आकडा मोठा वाटतो, पण एक युनिट म्हणजे काय हे बिल भरणाऱ्याला सांगायला नको. त्यातलंही सगळं हाती लागत नाही. आतल्या बॅटरीच्या डीसीचं (बॅटरीतून येणाऱ्या विजेचं) २३० व्होल्ट एसी (घरच्या सॉकेटला असते ती वीज) करताना नुकसान होतं, थोडं राखीव राहतं. एसी सॉकेटवर साधारण ८५० वॅट-अवर मिळाले तरी चांगलं यंत्र म्हणायचं. शिवाय एसीचं बटण दाबलं की काहीही न लावताही आतला इन्व्हर्टर १०-१५ वॅट खातो, मोठ्या यंत्रात २० सुद्धा. मोठ्या लोडपुढे हे किरकोळ आहे. रात्रभर छोटासा लोड चालवायचा असेल, तर तेच सगळ्यात मोठं खाणारं तोंड ठरतं.

तुमच्या पुण्याच्या फ्लॅटचा हिशोब मांडू. दुपारी लाइट गेली, दोघांचं काम चालू आहे. दोन साधे पंखे धरा १५० वॅट. दोन लॅपटॉप सरासरी ४०-४० वॅट, राउटर आणि फायबरचा डबा मिळून १५, तीन एलईडी बल्ब २७. बेरीज २७० च्या आसपास. ८५० भागिले २७० म्हणजे तीन तासांहून जरा जास्त. आता फक्त ते दोन पंखे काढून बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) लावा. तो पंखा पूर्ण वेगात ३० वॅटच्या आसपास घेतो. बेरीज १८२ वर येते आणि तोच डबा साडेचार तास ओढतो. गुरुवारच्या देखभालीसाठी लाइट बंद असते तेव्हा हा फरक म्हणजे दुपारची मीटिंग पार पडणार की नाही, इतका आहे. दोन पंख्यांना सहा-सात हजार लागतील. तेवढ्याच जादा वेळासाठी मोठा डबा घ्यायला गेलात तर त्याच्या कित्येक पट जातील. घर भाड्याचं असलं तरी पंखे तुमचेच, घर सोडताना उतरवून नेता येतात.

राउटरसाठी एक गोष्ट जरूर करा. राउटरचा अडॅप्टर उलटा करून बारीक अक्षरं वाचा. बहुतेकांवर १२ व्होल्ट, १ किंवा दीड किंवा २ अँपिअर असं लिहिलेलं सापडेल. म्हणजे त्याला मुळात डीसीच हवी असते. आपण बॅटरीची डीसी एसी करतो आणि अडॅप्टर तिची परत डीसी करतो. हा उलटसुलट उद्योग वाचवता येतो. पॉवर स्टेशनला गोल पिनेचं १२ व्होल्टचं आउटपुट असतं, नाहीतर गाडीतल्यासारखं सॉकेट असतं. तिथून योग्य मापाच्या जॅकची वायर राउटरला द्या आणि एसी बंद ठेवा. १० वॅटचा राउटर एसीवरून चालवला तर इन्व्हर्टरचा स्वतःचा खर्च धरून २०-२५ वॅट जातात. डीसीवरून ११-१२ मध्ये काम होतं, म्हणजे बॅकअप दुप्पट. फक्त दोन गोष्टी आधी पाहून घ्या. जॅकचा मधला भाग प्लस आहे ना, आणि यंत्राचं ते आउटपुट ‘रेग्युलेटेड’ आहे ना. स्वस्तातल्या काही डब्यांत बॅटरी उतरत गेली की तेही खाली येतं आणि राउटर मध्येच रीस्टार्ट होत राहतो. लॅपटॉप यूएसबी-सी पीडीवर चार्ज होणारा असेल तर तोही डब्याच्या यूएसबी-सी पोर्टवरच लावा. मग एसी चालू होईल फक्त पंख्यापुरती.

फ्रिजचं उत्तर ‘चालेल, पण गरज आहे का?’ असं आहे. फ्रिजच्या स्टार लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात. समजा २२० आहेत, तर दिवसाला ०.६ युनिट. लोक इथेच खूश होतात : डब्यात एक युनिट आहे, म्हणजे दीड दिवस निघाला! पण फ्रिजसाठी एसी चोवीस तास चालू ठेवावी लागते, म्हणजे इन्व्हर्टरचे १२-१५ वॅट दिवसभर चालूच. ते झाले आणखी तीनशे वॅट-अवर. ६०० आणि ३०० मिळून ९००. हातात होते ८५०. म्हणजे दिवस कसाबसा, तोही दुसरं काहीच न लावता आणि मे महिना नसेल तर. चार तास लाइट गेली आणि फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतलं खराब होत नाही. तेव्हा एवढ्यासाठी फ्रिज डब्यावर लावू नका. लाइट लांबली, तर दर तीन तासांनी तासभर फ्रिज चालवा, उरलेला वेळ एसी बंद. दूध-भाजी टिकते.

फ्रिज जुन्या पद्धतीच्या कॉम्प्रेसरचा असेल तर सुरू होताना क्षणभर चालू लोडच्या कित्येक पट करंट ओढतो. ३००-५०० वॅटचा छोटा डबा तिथेच ओव्हरलोड दाखवून बंद पडतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचे नवे फ्रिज हळूहळू वेग घेतात, ते १००० वॅटच्या यंत्राला जड जात नाहीत.

फ्रिज लावणाऱ्यांना फसवणारी एक सेटिंग मला वारंवार दिसते. बॅटरी वाचवायला कंपन्या यंत्रात ‘इको’ ठेवतात. ठरावीक वेळ लोड अगदी कमी राहिला की एसी आपोआप बंद होते. फ्रिजचं काम असं असतं : पुरेसा गार झाला की कॉम्प्रेसर थांबतो आणि लोड जवळजवळ शून्यावर येतो. यंत्राला वाटतं काम संपलं, ते एसी बंद करून मोकळं होतं. पुढे फ्रिजला थंडावा हवा असतो तेव्हा सॉकेट मेलेलं असतं. एका ओळखीच्या घरी मंडळी दोन दिवस बाहेर होती. परत आली तेव्हा डबा ८० टक्के भरलेला आणि फ्रिजमधलं मटण गेलेलं. त्यांना वाटलं यंत्र बिघडलं. यंत्राने सांगितलं तेच केलं होतं. पहिल्याच दिवशी ॲपमध्ये किंवा बटणांत ही सेटिंग शोधा आणि फ्रिज, सीपॅप किंवा मोबाइल चार्जरसारख्या लोडसाठी ती बंद करा.

आता दापोली. इथे मी तुम्हाला डबा सुचवणार नाही, साइन वेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी घ्या. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-अवर. तो आकडा वीस तासांत हळूहळू उतरवली तर मिळणारा आहे. घरच्या लोडवर आणि बॅटरीचं आयुष्य राखून वापरलं तर हजार-बाराशे धरा. तरीही हे सगळं साधारण २५ हजारांच्या आतबाहेर बसतं. तेवढ्याच क्षमतेच्या चांगल्या पॉवर स्टेशनला दुप्पट-तिप्पट पैसे लागतात. शिवाय लाइट गेली की इन्व्हर्टर आपोआप येतो, वयस्क माणसांना अंधारात उठून बटणं दाबावी लागत नाहीत. बिघडला तर दापोलीतला कुठलाही वायरमन त्याला हात लावू शकतो. डब्यातला सर्किट बोर्ड गेला तर तो कंपनीकडेच पाठवावा लागतो आणि महिना जातो. ट्युब्युलरचं ओझं एवढंच : दोन-तीन महिन्यांनी पाण्याची पातळी बघून डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं नव्हे, आणि बॅटरी हवेशीर जागी ठेवायची, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. देवघराशेजारच्या बंद कपाटात ठेवलेल्या बॅटऱ्या मी पाहिल्यात. समई तिथेच पेटते.

सीपॅपचा हिशोब स्वतंत्र करा. ह्युमिडिफायर आणि गरम नळी बंद असेल तर मशीन साधारण ३०-३५ वॅट घेतं, म्हणजे आठ तासांना अडीचशे-पावणेतीनशे वॅट-अवर. ह्युमिडिफायर चालू असेल तर दुप्पट किंवा त्याहून जास्त. लाइट गेलेल्या रात्री तो बंद ठेवला तर चालेल का हे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवा. बरीच सीपॅप मशीनं आतून १२ किंवा २४ व्होल्ट डीसीवर चालतात आणि कंपनीचा डीसी कन्व्हर्टर वेगळा मिळतो. तो घेऊन ठेवा. त्याने १००० चा डबा तीन रात्री आरामात जातो. कोणाकडे सीपॅपऐवजी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर असेल, तर त्यांनी डब्याच्या भरवशावर राहू नये. पाच लिटरचं मशीन ३०० वॅटच्या वर घेतं, म्हणजे डबा अडीच तासांत संपतो. तिथे भरलेला सिलिंडर हवाच.

कोकणात खरी भीती चार तासांची नसते, चार दिवसांची असते. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्यांना आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. खांबच आडवे झाले होते. अशा वेळी घरातला इन्व्हर्टर पहिल्या रात्रीनंतर मुका होतो, कारण तो उचलून कुठे नेता येत नाही. नुसती बॅटरीच पन्नास किलोच्या वर भरते. इथे तुमच्या पॉवर स्टेशनचा खरा उपयोग. १२-१३ किलोचा डबा गाडीत टाकून जिथे लाइट किंवा जनरेटर आहे तिथे न्यायचा, तासा-दीड तासात भरायचा आणि घरी आणायचा. म्हणून माझा सल्ला : डबा एरवी पुण्यात राहू द्या, हवामान खात्याचा वादळाचा इशारा आला की तो पूर्ण भरून गावी पोचवा. आणि त्याच दिवशी गच्चीवरची टाकी भरून घ्या. एक एचपीचा पंप चालताना हजार वॅटच्या पुढे घेतो आणि सुरू होताना त्याच्या तीन-चार पट मागतो. १००० वॅटचं यंत्र तो उचलणार नाही, प्रयत्नही करू नका.

‘मग सोबत सोलर पॅनेल घेतो’ असं म्हणाल. घ्या, पण पावसाळ्यातला हिशोब वेगळा. २०० वॅटचं पॅनेल एप्रिल-मेच्या स्वच्छ दिवशी ७०० वॅट-अवरच्या आसपास देतं. जुलैत कोकणात ढग उतरले की दिवसाला शंभर-दीडशेवर समाधान मानायचं. त्यात मोबाइल, दिवे आणि रेडिओ होतो. सीपॅपची रात्रही निघत नाही.

ओघात आलं म्हणून सांगतो. छतावर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून ऑन-ग्रिड सोलर बसवलेल्यांना वाटतं की लाइट गेली तरी आपल्याकडे ऊन आहेच. महावितरणची लाइन बंद झाली की तो इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो, नाहीतर तुमच्या छतावरची वीज लाइनमध्ये जाऊन खांबावर चढलेला लाइनमन मरेल. पॉवर स्टेशन जोडून त्या इन्व्हर्टरला ‘फसवून’ सुरू करायचे व्हिडिओ फिरतात. ते करू नका, डबाही जाईल आणि इन्व्हर्टरही.

त्याच जातीचा दुसरा उद्योग म्हणजे दोन्ही टोकांना पिन असलेली वायर. एक टोक डब्यात, दुसरं भिंतीच्या सॉकेटमध्ये, की अख्खं घर उजळलं. दुकानात मागितली तर चांगला दुकानदार देत नाही, म्हणून लोक घरी बनवतात. एक टोक लावलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पितळी पिनांवर २३० व्होल्ट असतात. मेन स्विच खाली करायला विसरलात तर वीज बाहेर लाइनकडे जाते. आणि मध्येच लाइट आली तर डब्याचा इन्व्हर्टर धूर सोडतो. घराचे ठरावीक पॉइंट डब्यावर घ्यायचेच असतील तर परवानाधारक वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या. भाड्याच्या घरात एवढ्या खटाटोपापेक्षा एक चांगलं एक्स्टेन्शन बोर्ड पुरे. आणखी एक : डब्याचा न्यूट्रल सहसा अर्थला जोडलेला नसतो. टेस्टर लावला तर दोन्ही भोकांत मंद पेटू शकतो, घाबरू नका. पण तुमच्या घरच्या आरसीसीबीचं (शॉक बसू लागला की लाइट तोडणाऱ्या स्विचचं) संरक्षण या सॉकेटला मिळत नाही, तेव्हा ओल्या हातांनी आणि ओल्या जमिनीवर दुप्पट सांभाळून.

पुण्याच्या फ्लॅटमध्ये डबा सॉकेट आणि लॅपटॉपच्या मध्ये कायमचा लावून ठेवता येतो. लाइट गेली की साधारण १० ते ३० मिलिसेकंदांत तो बॅटरीवर येतो. डेस्कटॉपही सहसा बंद पडत नाही. जलद चार्जिंग मात्र सहा अँपिअरच्या जुन्या बोर्डावर करू नका. १२०० वॅट घेणारं यंत्र त्या सॉकेटला मर्यादेच्या काठावर नेतं, त्यातून लोडही चालू असेल तर काठ ओलांडला. चार्जिंगला लावल्यावर दहा मिनिटांनी प्लगला हात लावून बघा. कोमट ठीक, चटका बसत असेल तर ताबडतोब काढा. ॲपमध्ये चार्जिंगचा वेग कमी करायची सोय असते, रोजच्या वापरात ४००-५०० वॅटवर ठेवा. बॅटरीलाही तेच मानवतं आणि डब्यातल्या पंख्याची घरघरही कमी होते.

आता कॅम्पिंग, आणि पहिलं उत्तर इंडक्शनचं : नाही. यंत्रावर पीक वॅट कितीही लिहिलेले असोत. एक लिटर पाणी उकळायला सगळं नुकसान धरून सव्वाशेच्या आसपास वॅट-अवर जातात. चौघांचा दोनदा चहा, एक कुकर वरण-भाताचा, एकदा मॅगी, की डबा संध्याकाळीच रिकामा. शिवाय घरगुती इंडक्शन कमी सेटिंगवर ठेवलं तरी आत पूर्ण ताकदीने चालू-बंद होत राहतं. पडद्यावर ३०० वॅट वाचून तुम्ही खूश होता आणि पुढच्या सेकंदाला ओव्हरलोड. किटली, इस्त्री, हेअर ड्रायर, रूम हीटर, सगळी एकाच माळेचे मणी. आता गॅसकडे बघा. एक किलो एलपीजीत सुमारे १२-१३ युनिटं उष्णता असते. पाच किलोच्या ‘छोटू’ सिलिंडरमध्ये साठाच्या वर. शेगडीवर निम्मी वाया गेली तरी ३० युनिटं, म्हणजे तुमच्यासारखे तीस डबे. उष्णता गॅसने करा, उजेड आणि वारा बॅटरीने. आणि गॅस असो, कोळसा असो की पेट्रोलचा जनरेटर, तंबूच्या आत काहीही पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

मग दोन रात्रींना किती लागतं? मोबाइल एकदा भरायला नुकसान धरून २५ वॅट-अवर. चार मोबाइल दोनदा म्हणजे २००. एलईडीची माळ आणि कंदील मिळून १० वॅट, रात्री पाच तास, दोन रात्रींचे १००. झालं, तीनशे. डिसेंबरात भंडारदऱ्याला गेलात तर याहून जास्त काही लागतच नाही, तिथे पंखा कोण लावतं? वांगणीला किंवा कुठे लांब जाऊन रात्रभर आकाशदर्शन करणाऱ्यांना दुर्बिणीचं माउंट आणि भिंगावर दव बसू नये म्हणून लागणारा हीटरचा पट्टा, एवढं वाढतं. तेही सगळं १२ व्होल्टवर, तीनशेच्या डब्यात भागतं. एप्रिलमध्ये दिवेआगर किंवा गुहागरला मात्र पंख्याशिवाय मुलं झोपणार नाहीत. १५ वॅटचे दोन डीसी पंखे, आठ तास, दोन रात्री म्हणजे ४८० आणखी. तेव्हा तुमचा हजाराचा डबा बरोबर बसतो. १२ व्होल्टचा कार-फ्रिज नेणार असाल तर उन्हाळ्यात तोच एकटा दिवसाला ३००-४०० खातो, मग सोलर पॅनेल नाहीतर गाडीवर चार्जिंग हवं. पवनाकाठी स्पीकर आणणाऱ्यांसाठी माझ्याकडे हिशोब नाही, त्यांना डबा लहानच मिळो.

गाडीच्या १२ व्होल्ट सॉकेटवर साधारण १०० वॅटने चार्जिंग होतं. पुण्याहून गुहागर गाठेपर्यंत अर्धा-पाऊण डबा भरतो, तेही इंजिन चालू असताना. काही गाड्यांत चावी काढली तरी ते सॉकेट जिवंत राहतं, आणि सकाळी गाडीचाच स्टार्टर ‘टक्‌टक्’ करतो. पोचल्यावर वायर काढायची, ही सवय लावून घ्या.

पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून टेकवा, हिवाळ्यात जरा जास्त उभं. १०० वॅटच्या पॅनेलवर पडद्यावर ६५-७५ दिसले तर ते उत्तम चाललंय. उन्हाळ्यात पॅनेल स्वतःच साठ अंशांच्या पुढे तापतं आणि त्यातच दहा-पंधरा टक्के जातात. झाडाच्या एका फांदीची सावली एका कोपऱ्यावर पडली की आकडा धाडकन खाली येतो, म्हणून लावून विसरू नका, तासाभराने सरकवा. डबा मात्र पॅनेलच्या मागे सावलीत. मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत तर कधीच नाही. बहुतेक यंत्रं ४०-४५ अंशांच्या वर चार्ज घेणं थांबवतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात नुसत्या हवेचंच तापमान तिथे पोचतं, तिकडच्यांनी सकाळी लवकर चार्ज करावं. पवनाकाठी हिवाळ्यात पहाटे दव इतकं पडतं की उघड्यावर ठेवलेल्या डब्यावरून पाणी ओघळतं. रात्री तो तंबूच्या बाहेरच्या कापडाखाली, जमिनीपासून उचलून, एखाद्या क्रेटवर ठेवा. पांघरूण घालू नका, त्याला श्वास घ्यायला जाळ्या असतात. किनाऱ्यावर वाळू आणि खारा वारा याच जाळ्यांतून आत ओढला जातो. घरी आलं की कोरड्या ब्रशने झाडा, पोर्टची रबरी झाकणं लावलेली ठेवा. मुंग्या आणि पाल यांनाही उबदार जाळ्या आवडतात, हे कोकणातल्या लोकांना सांगायला नको.

घेताना रसायन विचारा : लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे एलएफपी. दोन-तीन हजार सायकल, म्हणजे तेवढ्या वेळा भरून-उतरवून, टिकतं आणि तापलं तरी दुसऱ्या प्रकारांपेक्षा बरंच शांत राहतं. एनएमसी हा लिथियमचाच दुसरा प्रकार हलका असतो, पण आयुष्य बरंच कमी. अँपिअर-अवरचा मोठा आकडा छापलेला असेल तर भुलू नका. ८०,००० मिलिअँपिअर-अवर ऐकायला प्रचंड वाटतं, पण ते ३.७ व्होल्टवरचे असतात, म्हणजे तीनशे वॅट-अवरच्या आत. ‘सर्ज’ किंवा ‘पीक’चे वॅट हे क्षणापुरते असतात, चालू वॅट किती ते विचारा. आउटपुट प्युअर साइन वेव्ह, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. बीआयएसचा शिक्का. सोलर इनपुटची कमाल व्होल्टेज नीट वाचा. छतावरच्या ५४० वॅटच्या मोठ्या पॅनेलची उघडी (काही न जोडता मिळणारी) व्होल्टेज ५० च्या जवळ असते. ६० व्होल्टपर्यंत घेणाऱ्या डब्याला ते चालतं, २८ व्होल्टवाल्याचा चार्ज कंट्रोलर क्षणात जातो आणि वॉरंटीत बसत नाही.

टक्क्यांवर फार विसंबू नका. एलएफपीची व्होल्टेज भरलेली असताना आणि जवळजवळ रिकामी असताना फारशी बदलत नाही. यंत्र आत किती गेलं, बाहेर किती आलं याची बेरीज-वजाबाकी करून टक्के सांगतं, आणि राउटरसारख्या छोट्या लोडवर ती चुकत जाते. १८ टक्के दाखवता दाखवता एकदम बंद होतं ते यामुळे. महिन्यातून एकदा १०० पर्यंत भरा, आकडा पुन्हा ताळ्यावर येतो. सीपॅपच्या रात्री शेवटचे २० टक्के नाहीतच असं समजा. पावसाळाभर वापरणार नसाल तर ५०-६० टक्क्यांवर ठेवून कोरड्या कपाटात टाका आणि तीन महिन्यांनी आठवणीने चार्जिंगला लावा. पूर्ण रिकामा ठेवलेला डबा दिवाळीत उघडून ‘चार्जच घेत नाही’ म्हणून येणारे दरवर्षी असतात.

तेव्हा क्रम असा लावा. आधी पुण्यातले दोन पंखे बदला आणि राउटरला डीसी वायर करा. मग गावी इन्व्हर्टर-ट्युब्युलर बसवा, तेही मे महिन्याच्या आत. जूनमध्ये वायरमन सापडत नाही. उरलेल्या पैशांत हजाराचा एलएफपी डबा, इथेच, सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे याची फोनवर खात्री करून. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या आणि आल्याच्या पहिल्या आठवड्यात एक रविवार घरचा मेन स्विच न पाडता, फक्त एक्स्टेन्शनवर तुमचा खरा लोड लावून तो पूर्ण उतरवून बघा. ८०० च्या खूप खाली मिळाले तर परत करायची मुदत संपण्याआधी कळलेलं बरं.